शेवटची ओळ बोलायची असते

रॉस कॅला, कॉनमारा, आयर्लंड
३ नोव्हेंबर १९७६

डेलिया,

तू जिवंत आहेस हे वाचून बरं वाटलं. हे वाक्य पुन्हा पुन्हा लिहून खोडलं, पण याहून धड काही सुचेना, तेव्हा राहू दे.

तुझं कार्ड शनिवारी आलं. नॅनने पोस्टाच्या खिडकीतून ते माझ्यापुढे सरकवलं आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसली. तुझं अक्षर ओळखायला तिला चष्मा लागत नाही. मीही तिथेच पोत्यावर बसलो. त्याचं कारण असं की सप्टेंबरात आम्ही चर्चमध्ये तुझ्या आत्म्यासाठी मिस्सा करून मोकळे झालो होतो.

रागावण्याआधी नीट ऐक. ऑगस्टात बॉस्टनहून एक पाहुणा आला. त्याने पोस्टात उभ्या उभ्या सांगितलं की, तुमच्याकडची ती डेलिया, मोठ्या घरात स्वयंपाकाला होती ती, गेली बिचारी. ती पलीकडच्या खाडीवरची डेलिया होती हे आता कळलं. पण तुझं नाताळापासून पत्र नाही, आणि एकदा नॅनला खरं वाटलं की ते गावालाही खरं वाटतं. फादरनी मिस्सा केली. नंतर सगळे नॅनच्या स्वयंपाकघरात जमले. चहा झाला, हॅम कापला, बिअर फुटली. मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, आता डेलियाचं गाणं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडची रीत तुला मी सांगायला नको. ज्याचं गाणं त्याने गायचं. तो जिवंत असेपर्यंत, समुद्रापलीकडे असला तरी, दुसऱ्याने त्याला तोंड लावायचं नाही. तू गेलीस त्या दिवसापासून होडीचं गाणं या गावात कोणी गुणगुणलंसुद्धा नाही. पण पुरतं पाठ होतं ते एकट्या मला, कारण तू गायचीस तेव्हा तुझा हात धरून बसणारा मीच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टोपी डोळ्यांवर ओढली, भिंतीकडे तोंड केलं आणि गायलो.

आता गाव मला टोचून खातंय. फेस्टीने जित्या बाईला पुरलं, म्हणतात. सगळ्यांत जास्त तोंड नॅनचं, आणि त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने रडलीही तीच.

चुकलो. तू असेपर्यंत पुन्हा गाणार नाही, हा शब्द. पण तू एकदा ये आणि आपल्या तोंडाने गा, म्हणजे गाण्याला लागलेलं हे सुतक तरी फिटेल.

फेस्टी


डॉर्चेस्टर, बॉस्टन
२८ नोव्हेंबर १९७६

फेस्टी,

मेल्यावर माणसाला काय काय कळतं! माझी मिस्सा झाली, माझ्या नावाने हॅम कापला गेला आणि मला साधं आमंत्रण नाही. नॅन रडली? शाळेत माझी वेणी शाईच्या दौतीत बुडवणारी नॅन? मग मेल्याचं सार्थक झालं म्हणायचं.

मी रागावलेली नाही रे. तुझं पत्र वाचून इतकी हसले की खालच्या मजल्यावरची यानिना वर धावत आली. ती पोलिश बोलते, मी आपली आयरिश. दोघींचं इंग्रजी बेताचं, म्हणून छान जमतं. माझा नवरा गेल्यापासून तीच सोबत. नवऱ्याला, देव त्याला सुखात ठेवो, अकॉर्डियन आवडायचं. मी गायला लागले की विचारायचा, साथीला कोणी नाही का? नुसत्या गळ्याने गातात हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. हळूहळू मीही घरात गायचं सोडलं.

आता सगळं नीट सांग. तू कुठल्या पट्टीत धरलंस? दुसऱ्या कडव्यात मी जिथे आवाज वळवून खाली आणायचे तिथे तू काय केलंस? “देव तुझ्या पाठीशी!” अशी हाक कोणी दिली? आणि तुझा हात कोणी धरला होता? माझा हात तू रहाट फिरवल्यासारखा फिरवायचास, आणि असा जोर लावायचास की दुसऱ्या दिवशी मला खांदा उचलवायचा नाही. पण तो हात नसता तर मला एक कडवंही पुढे नेता आलं नसतं, हे आता सांगते.

आणखी एक. शेवटची ओळ म्हटलीस का? ती गायची नसते, साध्या आवाजात बोलून टाकायची असते. अमेरिकेला निघाले तेव्हाच्या निरोपाच्या बैठकीत मी ती तुझ्याकडे बघून बोलले होते. तू माझा हात सोडलास आणि चहा झाला का बघायला आत गेलास.

पत्र नव्हतं ते कामाच्या रगाड्यामुळे. बाकी काही नाही. उन्हाळ्यात जमवते यायचं.

तुमची कैलासवासी,
डेलिया


रॉस कॅला
२० फेब्रुवारी १९७७

प्रिय डेलिया,

तू उन्हाळ्यात येतेस हे मी फक्त नॅनला सांगितलं, म्हणजे गावाला सांगायचं काम उरलं नाही. ऑगस्टात होड्यांच्या शर्यती झाल्या की धक्क्यावरच्या खानावळीत बैठक भरेल, त्यात तुझी खुर्ची चुलीजवळची. नॅन तुला तिच्याकडेच उतरवून घेणार आहे. वेणीचं प्रायश्चित्त असेल.

गॉलवेला उतरलीस की मोटारीने येऊ नकोस. मी होडी घेऊन येतो. तळ खरवडून डांबर लावलंय, शिडं पुन्हा तपकिरी रंगात बुडवून काढलीत. माझे गुडघे कुरकुरतात, होडी नाही.

आता तुझ्या उलटतपासणीची उत्तरं. पट्टी तुझ्याहून खालची. वळणाला मी वळलो, कसा ते देवाला माहीत. हाक सगळ्यांनीच दिली. हात कोणी धरला नाही. त्या गाण्याला हात धरणारा मी, मग माझा कोण धरणार? डावा हात तसाच गुडघ्यावर पडून होता.

शेवटच्या ओळीचं म्हणशील तर ती सगळ्यांनी मिळून म्हटली. माझा घसा नेमका तेव्हा बसला. नॅनच्या चुलीत पीटचं जळण ओलं होतं, धूर फार.

गाताना एक मात्र वाटलं. गावात म्हणतात की तुझ्या आजीने हे गाणं माझ्या आजोबांवरच रचलं. आमच्या घरात हे कोणी कधी कबूल केलं नाही. गाण्यात धक्क्यावर मुलगी उभी आहे, हा बाबा पीट भरून बेटाकडे निघालाय, वारा चांगला आहे, ती दिसतेय, आणि तरी हा पुढे जातो. लहानपणी मला वाटायचं, वारा चांगला असताना थांबेल कोण? आता वाटतं, मूर्ख होता.

लवकर ये.

फेस्टी


डॉर्चेस्टर
११ जुलै १९७७

फेस्टी,

यंदा जमत नाही. जिथे कामाला आहे तिथल्या बाईंची तब्येत बरी नाही, त्यांना सोडून निघता येत नाही. खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या. नॅनला सांग, माझ्यासाठी काही करत बसू नकोस.

गाणं कुठे पळून जात नाही.

डेलिया


रॉस कॅला
२५ ऑगस्ट १९७७

डेलिया,

बैठक झाली. खुर्ची रिकामी ठेवली होती. तुझं पत्र मी खिशातच ठेवलं, कोणाला सांगितलं नाही. वाटलं, बाई येईलही, तिचा काय नेम. लोक दाराकडे बघत राहिले. शेवटी नॅनने विचारलं, तेव्हा सांगावं लागलं. हसलं कोणी नाही, हसले असते तर बरं झालं असतं.

बाईंची तब्येत बरी नाही म्हणे. या गावात तुझ्या आईची तब्येत बरी नव्हती तेव्हाही तू आली नाहीस. आम्ही तेव्हा काही बोललो नाही, कारण आम्हाला वाटलं तू हळहळत असशील. आता वाटतं, हळहळायलाही फुरसत लागते आणि ती मोठ्या घरांत मिळत नसावी.

तुला आमच्यापुढे गायचं नसेल तर तसं सांग. खानावळीत धूर असतो, माणसांच्या अंगाला मासळीचा वास येतो, कोणी टाळ्या वाजवत नाही. पण गाणं तुझं एकटीचं नव्हतं, डेलिया. तुझ्या आजीचं होतं, या धक्क्याचं होतं. तू ते ट्रंकेत घालून नेलंस. ना तिथे गातेस, ना इथे आणतेस, ना दुसऱ्याला गाऊ देतेस. आमच्या लेखी तू मेलीस तेव्हा ते निदान एकदा ऐकायला तरी मिळालं.

हे लिहायला नको होतं. पण लिहिलंय, आणि पाठवतोय.

फेस्टी


डॉर्चेस्टर
९ सप्टेंबर १९७७

फेस्टी,

बोललास ते बरं केलंस. तू मनातलं बोललेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, शिव्या का असेनात.

आता माझं ऐक. गेल्या वर्षी माझं नाताळानंतर पत्र नव्हतं, कारण घशात गाठ निघाली. हॉस्पिटलात ती कापली आणि गाठीबरोबर आवाजही कापला. गळ्याला भोक आहे, त्यावर रुमाल बांधते. घरातल्या पाटीवर खडूने लिहून यानिनाशी बोलते. मागे लिहिलं होतं ना, तुझं पत्र वाचून इतकी हसले की ती वर धावत आली? ती हसण्याच्या आवाजाने नाही आली. माझ्या हातून खुर्ची पडली म्हणून आली.

बाईंकडचं काम केव्हाच गेलं. मी येईन म्हणाले, कारण ते लिहिताना मलाच ते खरं वाटत होतं. मग जुलै आला. धक्क्यावर उतरेन, सगळे म्हणतील “डेलिया, गा गं”, आणि मी गळ्याचा रुमाल दाखवीन, हे मला सोसवलं नसतं. तुमच्यापुढे तरी मला गाणारी राहायचं होतं. हा माझा गर्व, आणि त्याची शिक्षा तुमच्या रिकाम्या खुर्चीला.

आई गेली तेव्हा मी का आले नाही तेही सांगितलं असतं, पण ते सांगून आता कोणाला काय मिळणार? आले नाही, आणि ते मला रोज टोचतं. तुझ्या पत्राआधीही टोचत होतं.

गाणं मला अजून आठवतं, पण फक्त डोक्यात, आणि डोक्यात ऐकलेलं ऐकल्यासारखं नसतं. मला ते एकदा कानाने ऐकायचंय. तुझ्या तोंडून. रीत मला माहीत आहे. म्हणून इथे लिहून देते: होडीचं गाणं मी, डेलिया, फेस्टीला देते. ते आजपासून त्याचं. हे नॅनला वाचून दाखव, म्हणजे तिचं तोंड बंद होईल.

ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी तुमची मिस्सा सुटली की पोस्टातून फोन लाव. इथे पहाट असेल, मी जागी असते. फोन यानिना उचलेल आणि माझ्या कानाला लावेल. शेवटच्या ओळीपर्यंत म्हण, फेस्टी. ती ओळ तुझ्या तोंडून ऐकायची राहिली आहे.

डेलिया


रॉस कॅला
२० सप्टेंबर १९७७

डेलिया,

तुझं पत्र होडीत बसून वाचलं आणि तिथेच बसून राहिलो, भरती येऊन ओहोटी लागेपर्यंत. मागच्या पत्रात लिहिलेलं खोडता येत नाही. येत असतं तर कागद फाटेपर्यंत खोडलं असतं.

गाणं हातात हात देऊन द्यायचं असतं, पत्राने दिल्याचं मी कधी ऐकलं नाही. पण नॅन म्हणते, समुद्र मध्ये असला की कागदालाच हात समजायचं. हे तिने रडत सांगितलं, म्हणून मानतो.

रविवारी फोन करतो.

फेस्टी


रॉस कॅला
३ ऑक्टोबर १९७७

प्रिय डेलिया,

काल काय झालं ते तुला माहीतच नसेल, म्हणून लिहितो.

मिस्सा सुटल्यावर नॅनने पोस्ट उघडलं. अर्धं गाव बाहेर भिंतीला टेकून उभं होतं, पण आवाज करू नका म्हणून नॅनने दम भरला होता. फोन लागला. पलीकडून एका बाईने काहीतरी म्हटलं, मग खुडबूड झाली, मग काही नाही. मी भिंतीकडे तोंड केलं. फोनच्या खोक्यात एक माणूस जेमतेम मावतो, तरी नॅन अंग चोरून आत शिरली आणि तिने माझा डावा हात धरला. फिरवायला तिला येत नाही, नुसता घट्ट धरून उभी राहिली.

पहिलं कडवं झालं. एरवी तिथे कोणीतरी हाक देतंच. दिली नाही. नॅनला वाटलं, हाक द्यायचा मान तुझा. दुसरं झालं. वळणावरून मी नीट उतरलो, इतका नीट की तू असतीस तर ओरडली असतीस. पलीकडे काही नाही. तिसरं म्हटलं.

तुला आवाज नाही हे मला माहीत होतं. पण गाताना ते डोक्यात कुठे राहतं! गाणारा ऐकणाऱ्याच्या हाकेवर पुढचं पाऊल टाकतो. ती आली नाही की खालची जमीन गेल्यासारखं होतं. मी विचारलं, “डेलिया?” काही नाही. मला वाटलं तार तुटली आहे आणि मी मेलेल्या तारेपुढे गातोय. पुन्हा त्या सप्टेंबरातल्या मिस्सेनंतर नॅनच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटलं. तुला दुसऱ्यांदा पुरतोय असं. पुढे गाववलं नाही. मी फोन ठेवला.

शेवटचं कडवं राहिलं. लाईन कुठे तुटली ते कळव, म्हणजे तिथून पुन्हा धरतो.

फेस्टी


डॉर्चेस्टर
१४ ऑक्टोबर १९७७

फेस्टी,

तार जिवंत होती. मीही.

सगळं ऐकलं. पहिल्या कडव्याला मी हाक दिली, तोंडाने, जशी आपण देतो तशी. ओठ हलले. दुसऱ्याला दिली. तू त्या वळणावरून उतरलास तेव्हा मी टेबलावर मूठ आपटायला हात उचलला होता. पण वाटलं, मध्येच आवाज झाला तर तुझी लय मोडेल. म्हणून हात तसाच धरून ठेवला. यानिना माझ्या तोंडाकडे बघून रडत होती, तिला एक शब्द कळत नव्हता. मग तू माझं नाव घेतलंस. मी हो म्हणाले. हो म्हणतच होते आणि तू फोन ठेवलास.

आपलं हे असंच झालं. मी निघाले त्या सकाळी धक्क्यावर ट्रंकेवर बसून होते. तू होडीला काहीतरी बांधत होतास, बांधून झालेलं सोडून पुन्हा बांधत होतास. मी थांबले की तू बोलशील. तू थांबलास की मी बोलेन. आजचं सोड, तेव्हा मला आवाज होता, फेस्टी. चांगला होता, अख्खं गाव ऐकायला यायचं. आणि जिथे तो वापरायचा तिथे मी वापरला नाही. मी गाण्यातून बोलले आणि वाटलं की पुरे झालं. तू म्हणालास, तो होडीवाला मूर्ख होता. मुलगी काय कमी होती? तिलाही हाक मारता आली असती.

डॉक्टर पुन्हा कापायचं म्हणतात. माझं अक्षर बघून तुला कळलं असेल की हात पूर्वीसारखा राहिला नाही.

पुन्हा फोन कर. या वेळी मी काही बोलणार नाही असं धरूनच गा. मी आहे असं समज.

डेलिया


रॉस कॅला
२४ ऑक्टोबर १९७७

माझी डेलिया,

तुझं पत्र आज सकाळी आलं. नॅन ते हातात नाचवत बांधापर्यंत पळत आली. तिला पळताना मी शाळेनंतर पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं तसेच पोस्टात गेलो आणि फोन लावला. यानिनाने उचलला. खूप काही बोलली, त्यातला एकच शब्द आम्हा दोघांना समजला: हॉस्पिटल.

गाणं कागदावर उतरवत नाहीत, चाल कागदावर मरते. पण नॅन आणि मी मिळून विचार केला. शेवटची ओळ गायची नसते. ती बोलायची असते, आणि जे बोलायचं ते लिहायला हरकत नसावी.

नॅनच्या चुलीत त्या दिवशी धूर नव्हता. पीट चांगलं वाळलेलं होतं. ती ओळ माझ्याच्याने म्हणवली नाही, कारण ती माझ्यावर होती. माझ्या आजोबांवर असेल तर असेल, त्यांनी त्यांचं बघावं. चहा बघायला मी आत गेलो तेव्हा चहा झालेला होता. मी किटलीपाशी उभा राहिलो, परत बाहेर यायची हिंमत होईना म्हणून. तू माझी होतीस हे तेव्हा सांगायला हवं होतं. आता सांगतो. उशीर झाला हे मला कळतं, आणि त्याचं वाईट वाटणं माझं मरेपर्यंत संपणार नाही.

तिथे आपली भाषा कोणाला वाचता येणार नाही, तेव्हा हे तुलाच वाचावं लागेल. वाच. यानिनाला तुझा हात धरायला सांग आणि हळू फिरवायला सांग, माझ्यासारखा जोरात नको. आधीची सगळी कडवी मी गायलोय असं समज. भिंतीकडे तोंड केलेलं नाही. टोपी काढली आहे.

“मी धक्क्यावरच उभी होते. होडी तूच वळवली नाहीस.”

फेस्टी